रावसाहेब मंडलिक आणि रत्नागिरी जिल्ह्याचे स्थानिक स्वराज्य

रत्नागिरी जिल्हा परिषद १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आली. सरकारदरबारी तोच तिचा जन्मदिवस. मात्र जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यातल्या माणसांनी बसून चालवायचा ही रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. तिच्या मागे लोकल बोर्डाची सुमारे ऐंशी वर्षे आहेत, त्यामागे लोकल फंडाच्या कमिट्या आहेत आणि १८७६ पासूनच्या नगरपालिका आहेत. या साऱ्यामागे अशी माणसे आहेत की ज्यांनी सरकारच्या नेमणुकीने मिळालेल्या खुर्चीवर बसून सरकारलाच हिशेब विचारले. अशा माणसांत अग्रभागी नाव येते ते दापोली तालुक्यातील मुरूडच्या रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे. मुंबई हायकोर्टाचे वकील, वृत्तपत्रकार, धर्मशास्त्राचे भाष्यकार आणि मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे आघाडीचे सभासद. त्यांची कर्मभूमी मुंबई. पण स्थानिक स्वराज्याचा जो धडा त्यांनी तिथे गिरवला, त्याची या जिल्ह्याच्या इतिहासात स्वतंत्र नोंद व्हायला हवी. या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास सांगताना त्यांचे चरित्र मध्यभागी ठेवले आहे ते त्यासाठी.

जिल्हा आणि त्याची ठेवण

पेशवाईनंतर कंपनी सरकारने दक्षिण कोकणचा कारभार प्रथम बाणकोटहून चालवला. १८२२ मध्ये कचेरी रत्नागिरीला आली आणि १८३२ पासून रत्नागिरी हा स्वतंत्र कलेक्टरीचा जिल्हा झाला. उत्तरेला दापोली-बाणकोटपासून दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला हा लांबच लांब मुलूख. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. डोंगर, खाड्या आणि भातशेतीचे अरुंद तुकडे. रस्ते नाहीत म्हणावेत इतके थोडे. मुंबईला जायचे तर गलबताने, आणि तेही पावसाळ्याचे महिने सोडून.

जमिनीची व्यवस्थाही घाटावरच्यापेक्षा निराळी. बहुसंख्य गावे खोती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. कुळाने किती मक्ता द्यायचा, खोताचा हक्क वंशपरंपरेचा की मुदतीचा, धारेकऱ्याचे स्थान काय, या प्रश्नांवर पिढ्यान् पिढ्या दावे चालले. १८६५ च्या सर्व्हे कायद्यात आणि पुढे १८८० च्या खोती कायद्यात सरकारने त्यांची उत्तरे शोधली. भांडण मिटले नाही ते नाहीच. जिल्ह्यातल्या हुशार मुलांना वकिली जवळची वाटली त्याचे एक कारण हेही. घरात दप्तर होते, दप्तरात दाव्याचे कागद होते, आणि कागद वाचता येणाऱ्याला गावात मान होता.

मुरूड ते मुंबई

विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा जन्म ८ मार्च १८३३ चा. मुरूड हे समुद्रकाठचे, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव. जुन्या कागदांत हे गाव आखून वसवल्याची कथा आहे : देवळाची जागा, घरांच्या रांगा, पाणी, कोणाला कोणती वृत्ती याची आधी वाटणी आणि मग वस्ती. मंडलिकांनी पुढे या गावाच्या स्थापनेच्या जुन्या कागदावर इंग्रजीत अभ्यासपूर्ण निबंध लिहिला. मुरूडचे नाव त्यामुळे पंडितांच्या वर्तुळात गेले. गाव म्हणजे नुसती वस्ती नसते, नियमाने चालणारी व्यवस्था असते, ही जाणीव त्यांना स्वतःच्या गावाच्या कागदांतच भेटली.

शिक्षण रत्नागिरीच्या सरकारी इंग्रजी शाळेत आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी यांच्या पाठोपाठची ही पिढी. १८५२ च्या सुमारास ते सरकारी नोकरीत शिरले. सिंध-कच्छ भागात कर्नल ल ग्रांड जेकब यांच्या हाताखाली काम केले. शिक्षण खाते, सरकारी बुक डेपो, न्यायखाते, नव्याने आलेला प्राप्तिकर अशा निरनिराळ्या खात्यांचा त्यांना अनुभव मिळाला. याच काळात एल्फिन्स्टनच्या हिंदुस्थानच्या इतिहासाचे मराठी भाषांतर त्यांनी केले.

त्या दहा वर्षांत त्यांनी सरकार आतून पाहिले. टिपणी कशी चढते, मंजुरी कशी उतरते, खर्चाचा तक्ता कसा मांडला जातो आणि कुठे काय झाकले जाते, हे त्यांना ठाऊक झाले. पुढे सार्वजनिक कामात त्यांच्या बोलण्याला जी धार आली ती या अनुभवातून. नोकरी सोडून त्यांनी वकिलीची परीक्षा दिली आणि १८६३ च्या सुमारास ते मुंबई हायकोर्टात उभे राहिले.

हायकोर्टातील वकील

मुंबई हायकोर्ट १८६२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या दोन बाजू होत्या. मुंबई शहरातले मोठे दावे मूळ शाखेत चालत. तिथे पक्षकाराची गाठ सॉलिसिटरशी पडे आणि कोर्टापुढे बॅरिस्टर बोले. ही बाजू बराच काळ इंग्रजांच्या हाती होती. जिल्ह्यांतून येणारी अपिले अपील शाखेत चालत आणि तिथे देशी वकिलांना उभे राहता येई. रत्नागिरी, ठाणे, पुणे, सातारा, धारवाड इथल्या वाटण्या, दत्तके, गहाणखते, वतने आणि खोती हक्क हे सारे याच बाजूला येत. मंडलिकांची वकिली इथली. मोडी कागद, संस्कृत वचने आणि इंग्रजी नजिरा या तिन्हींत सहज वावरणारा वकील त्या काळी विरळा. १८८४ मध्ये त्यांची सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली.

वकिली करता करता त्यांनी ग्रंथकार म्हणून जे काम उभे केले ते आजही डोळ्यांत भरते. नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचे इंग्रजी भाषांतर, विस्तृत प्रस्तावना आणि परिशिष्टांसह, त्यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले. १८८६ मध्ये अनेक टीकांसह मनुस्मृतीची आवृत्ती काढली. हा प्रश्न ग्रंथालयापुरता नव्हता. मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकणात वारशाच्या दाव्यांत मयूखाला मान, तर रत्नागिरीसह बाकीच्या मराठी मुलखात मिताक्षरा प्रमाण. म्हणजे बापाची मिळकत कोणाला किती, याचे उत्तर घर खाडीच्या कोणत्या बाजूला आहे यावरही अवलंबून असे. न्यायाधीश इंग्रज, ग्रंथ संस्कृत, पक्षकार मराठी, अशा कोर्टात शास्त्रीबोवांच्या तोंडी मतावर न्याय अवलंबून राहू नये, मूळ वचन सर्वांसमोर असावे, आणि त्याच्या शेजारी जातीजातींच्या चालीरीतींची नोंदही असावी, असा मंडलिकांचा आग्रह. पुरावा टेबलावर ठेवा आणि मग बोला, ही त्यांची वकिली शिस्त त्यांच्या सार्वजनिक जीवनातही कायम राहिली.

‘नेटिव्ह ओपिनियन’ आणि शहराची तिजोरी

१८६४ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे साप्ताहिक सुरू केले. मजकूर इंग्रजीत आणि मराठीत. राज्यकर्त्यांना लोकांचे म्हणणे कळावे आणि लोकांना राज्यकारभार कळावा, असे दुहेरी काम ते करू पाहत होते. सुमारे सात वर्षे ते स्वतः संपादक होते.

ही सात वर्षे मुंबईच्या इतिहासातली वादळी वर्षे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले, शहरात पैसा ओसंडला आणि १८६५ मध्ये तो फुगा फुटला. त्याच साली नव्या कायद्याने मुंबई म्युनिसिपालिटीचा कारभार एका कमिशनरच्या हाती एकवटला. कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड. माणूस कर्तबगार. रस्ते झाले, गटारे झाली, त्यांच्या नावाचे मार्केट उभे राहिले. परंतु खर्चाला धरबंध राहिला नाही. देखरेखीसाठी जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त मंडळींची सभा होती, तिला खर्च आवरता येईना. कर्ज वाढले, कर वाढले आणि १८७१ मध्ये करदात्यांची मोठी चळवळ उभी राहिली. नौरोजी फर्दुनजी यांच्यासारखे मुरब्बी पुढारी तिच्यात होते. तरुण फिरोजशहा मेहतांनी वेगळा सूर लावला : दोष एका कमिशनरचा म्हणण्यापेक्षा लोकनियुक्त सभा नाही याचा आहे. चळवळीचे फळ म्हणजे १८७२ चा कायदा. ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्यांतले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने नेमायचे. खर्चावर नजर ठेवायला टाउन कौन्सिल आले, हिशेबतपासणीची पक्की व्यवस्था झाली.

मंडलिकांसारख्या माणसाला ही सभा किती मोलाची होती, ते त्या काळच्या कायदेमंडळाशी तुलना केली की कळते. १८७४ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि १८८४ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. मान मोठा. सी.एस.आय. हा किताबही मिळालेला. पण १८६१ च्या कायद्याने त्या मंडळाचे हात बांधलेले होते. समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलायचे, एवढीच मुभा. अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा, प्रश्न विचारण्याचा अधिकार सभासदांना १८९२ पर्यंत नव्हताच. म्हणजे सगळ्या हिंदुस्थानच्या कायद्यावर बोलू शकणाऱ्या या माणसाला सरकारने एक रुपया कुठे खर्च केला हे विचारता येत नव्हते. कॉर्पोरेशनच्या सभेत मात्र विचारता येत होते. गटाराचा ठेका, पाण्याची योजना, कमिशनरचा पगार, शाळांचे अनुदान, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवता येत होते आणि मत देता येत होते. त्या पिढीतले उत्तमोत्तम वकील म्युनिसिपालिटीच्या कामात इतके का रमले, याचे उत्तर इथे सापडते. देशाच्या कारभाराची तालीम करायला तेवढे एकच खुले मैदान होते.

रुपयामागे एक आणा

मुंबईत हे चालले असता रत्नागिरी जिल्ह्यात काय होते? इथे लोकल फंड होता. १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के रूप आले. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा, म्हणजे सेस, घ्यायचा आणि तो जिल्ह्यातच खर्च करायचा. त्याचे दोन भाग रस्ते, पूल, विहिरी, धर्मशाळा यांसाठी आणि एक भाग प्राथमिक शाळांसाठी.

हा हिशेब एका खातेदाराच्या पावतीवर मांडून पाहिला की संस्थेचा पाया दिसतो. सोळा रुपये सारा भरणाऱ्याकडून एक रुपया सेस येई. त्यातले दहा आणे आठ पै रस्ता-पाण्याला जात आणि पाच आणे चार पै शाळेला. गावातल्या शाळेचे छप्पर, पंतोजींचा पगार, पाटी-खडूची पेटी यांत या पाच आणे चार पैचा वाटा होता. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या प्राथमिक शाळांपैकी कितीतरी शाळा अशा कुळांच्या आणि खातेदारांच्या आण्या-पैंवर उभ्या राहिल्या आहेत.

आणा मात्र रयतेचा आणि निर्णय साहेबाचा. लोकल फंड कमिटीचे अध्यक्ष कलेक्टर, सभासद सरकारने नेमलेले. वर्षातून थोड्या बैठका होत, तयार तक्त्यावर सह्या होत. १८७३ च्या कायद्यानंतर शहरांत नगरपालिका येऊ लागल्या. रत्नागिरी, चिपळूण, वेंगुर्ले इथल्या नगरपालिका १८७६ च्या. तिथेही आरंभी नेमणुकांचाच बोलबाला होता.

१८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला. लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे म्हणून या संस्था वाढवायच्या, त्यात बिनसरकारी सभासद जास्त असावेत, शक्य तिथे निवडणूक असावी, असे त्याचे सूत्र. त्यावर मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्ड कायदा झाला आणि जिल्हा लोकल बोर्ड व तालुका लोकल बोर्ड आली. पुष्कळ इंग्रज अधिकारी साशंक होते. शेतकऱ्यांना आणि खोतांना सभा चालवता येईल का, असे त्यांना वाटे. मुंबईच्या कॉर्पोरेशनने गेल्या दशकात या शंकेचे उत्तर देऊन ठेवले होते. देशी माणूस अंदाजपत्रक वाचू शकतो, कमिशनरला विरोध करू शकतो आणि तरी शहर चालू ठेवू शकतो, हे मंडलिक, फर्दुनजी, मेहता, तेलंग यांच्या कामाने सिद्ध झाले होते. लोकल बोर्डाच्या बाजूने यापेक्षा बळकट पुरावा कोणता असणार?

याच मातीतल्या आणखी दोघांचा उल्लेख इथे करायला हवा. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून गेले. गुहागर तालुक्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले पुढे त्याच नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. मंडलिक, टिळक, गोखले यांचे मतभेद जगजाहीर आहेत. तरीही तिघांनी नगरपालिकेचे काम हलके मानले नाही.

शाळेचा व्हरांडा

इतिहास लिहायचा तर पुरता लिहिला पाहिजे. लोकल बोर्डाच्या सभेत जागा मिळाली ती प्रथम कोणाला? ठरावीक रकमेचा सारा भरणाऱ्यांना, इनामदारांना, खोतांना, वकील-सावकारांना. सेस मात्र अखेर सगळ्यांच्या कष्टातून येत होता. कुळाच्या मक्त्यातूनच खोताचा सारा निघे.

मंडलिकांच्या स्वतःच्या तालुक्यातली गोष्ट आहे. दापोली कॅम्प ही लष्करातून निवृत्त झालेल्या सैनिकांची वस्ती. त्यांत महार समाजाचे अनेक पेन्शनर होते. पलटणीत त्यांना शिक्षण मिळाले होते, मुलांनाही ते मिळावे ही त्यांची इच्छा. १८९२ मध्ये त्यांनी आपल्या मुलांना सार्वजनिक शाळेत घ्यावे म्हणून दापोली नगरपालिकेकडे रीतसर अर्ज केला. सार्वजनिक पैशावर चालणारी शाळा आमच्या मुलांना बंद का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मागे लागून, वरपर्यंत दाद मागून अखेर मुलांना घेतले गेले ते शाळेच्या व्हरांड्यात. वर्ग आत आणि ही मुले बाहेर. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ याच दापोलीत राहिले. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्या वस्तीतले गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त हवालदार. ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक त्यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले, दापोलीत अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली. १८९५ मध्ये सरकारने त्यांची शेजारच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. त्यांच्या शेजारी बसायला सवर्ण सभासदांनी विरोध केला. वलंगकरांनी जागा सोडली नाही. कोकणातील स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात हा प्रसंग रिपनच्या ठरावाइतकाच मोठा आहे, असे आमचे मत आहे. ठरावाने दार बसवले. ते सर्वांना उघडे आहे की नाही हे वलंगकरांनी त्या सभेत जाऊन विचारले.

मंडलिकांचे या बाबतीतले धोरणही इथे सांगितले पाहिजे. ते सामाजिक बाबतीत सनातनी बाजूचे होते. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली, तेव्हा परक्या सरकारने कायद्याने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, या मताच्या लोकांत मंडलिक प्रमुख होते. त्याच सरकारने कारभारात आम्हाला वाटा द्यावा, हाही त्यांचा आग्रह. मुरूडमध्येच लहानाचे मोठे झालेले धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि गावाचा बहिष्कार सोसला. मंडलिक तोवर हयात नव्हते. एकाच गावाने हिशेबाची शिस्त शिकवणारा नेता दिला आणि समाजाच्या चौकटी मोडणारा सुधारकही दिला. मंडलिकांचे मोठेपण मान्य करताना त्यांची ही मर्यादा झाकण्याचे कारण नाही. ज्या न्यायबुद्धीने त्यांनी सरकारकडे हिशेब मागितला, ती त्यांनी समाजाकडे वळवली असती तर या जिल्ह्याचे कित्येक व्हरांडे लवकर रिकामे झाले असते.

लोकल बोर्ड ते जिल्हा परिषद

मे १८८९ मध्ये मुंबईत मंडलिकांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला मिळाला आणि मंडलिक संग्रह म्हणून ओळखला गेला. आधीच्याच वर्षी मुंबईचा १८८८ चा म्युनिसिपल कायदा झाला होता. आजची महानगरपालिका अजून त्याच कायद्यावर चालते.

आपल्या जिल्ह्यात लोकल बोर्डाचे काम संथपणे वाढत गेले. कलेक्टरचे अध्यक्षपद जाऊन बिनसरकारी अध्यक्ष यायला विसाव्या शतकाची दोन दशके जावी लागली. १९२३ हे वर्ष तीन कारणांनी महत्त्वाचे. नव्या लोकल बोर्ड कायद्याने निवडून आलेल्या सभासदांचे पारडे जड झाले. प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला. आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखान्यांत अस्पृश्य मानलेल्या वर्गाला मज्जाव असू नये. रुपयामागे एक आणा ज्यांच्याकडून घेतला जात होता, त्या सर्वांचाच त्या विहिरीवर हक्क आहे, हे अखेर कागदावर आले. कागदावरचा हक्क पाण्यापर्यंत न्यायला १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी शाळांमधून सर्व जातींची मुले एकत्र बसावीत म्हणून मोहीम चालवली, तिचा रोख लोकल बोर्डाच्या याच शाळांवर होता. खोतीचा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधेयक आणून मुंबई विधानसभेत नेला आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती संपली. सभेत बसण्याचा हक्क साऱ्यावरून ठरण्याचे दिवस तोवर मागे पडले होते. प्रौढ मतदानाने कूळ आणि खोत यांच्या मताची किंमत एक झाली.

पुढची वाटचाल वाचकांच्या माहितीतली आहे. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, वसंतराव नाईक समितीचा १९६१ चा अहवाल, त्यावरून आलेला जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आणि १ मे १९६२ चा प्रारंभ. १९९३ च्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेचे संरक्षण मिळाले आणि महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. १८८४ च्या तालुका लोकल बोर्डात ज्यांची कल्पनाही कोणी केली नसती, त्या स्त्रिया आज सभापती म्हणून अंदाजपत्रक मांडतात.

वारसा कोणता?

मंडलिकांनी या जिल्ह्यात लोकल बोर्डाच्या खुर्चीवर बसून काम केले नाही. तरी त्यांना या संस्थेच्या पूर्वजांत मानायचे ते एका गोष्टीसाठी. सभेत जाण्याआधी कागद वाचायचा, आकडा तपासायचा, मूळ नियम पाहायचा आणि मग स्पष्ट बोलायचे, ही सवय त्यांनी सार्वजनिक कामाला लावली. आजही सभेच्या आदल्या दिवशी अजेंडा उघडून खर्चाचे तक्ते वाचणारा सदस्य आणि ऐनवेळी हात वर करणारा सदस्य यांत जो फरक असतो, त्या फरकावरच गावच्या साकवाचे, नळपाणी योजनेचे, शाळेच्या छपराचे भवितव्य ठरते. निधी आता आण्यांत येत नाही, कोटींत येतो. हिशेब मागण्याची गरज त्याच प्रमाणात वाढली आहे.

दुसरा वारसा वलंगकरांचा आणि दापोलीच्या त्या अर्जदार पेन्शनरांचा : पैसा सर्वांचा असेल तर जागाही सर्वांना हवी. हे दोन्ही वारसे एकत्र घेतले तरच स्थानिक स्वराज्य हा शब्द पुरा होतो.

८ मार्च २०३३ रोजी रावसाहेब मंडलिकांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्याआधी करण्यासारखे एक काम आहे आणि ते आपल्याच हातात आहे. जिल्ह्यातल्या जुन्या नगरपालिका, पूर्वीची लोकल बोर्डे, शाळा आणि वाचनालये यांची ठरावबुके, हजेरीपट, सेसच्या पावत्या, जुने अर्ज हे कागद कपाटांत, माळ्यांवर आणि खाजगी घरांत विखुरलेले आहेत. कोकणच्या दमट हवेत आणि वाळवीच्या तोंडी ते फार काळ टिकायचे नाहीत. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते फेकू नयेत. जवळच्या वाचनालयाला, महाविद्यालयाला किंवा पुराभिलेख खात्याला दाखवावेत आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवू द्यावीत. या संस्थेचा पुढचा इतिहास त्या कागदांवरून लिहिला जावा, अशी सर्व वाचकांना विनंती आहे.